पाऊस चालू, पाऊस बंद

गाड्यांच्या शर्यतीचा कॉम्प्युटर गेम उघडला की बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या सेटिंगचं एक लांबलचक पान सापडतं. सावल्या किती ठळक हव्यात, आरशात किती लांबचं दिसावं, कठड्यापलीकडे किती प्रेक्षक उभे करावेत, असं सगळं त्यात एकाखाली एक विचारलेलं असतं. त्यातच कुठेतरी पाऊसही असतो. 2005 साली आलेल्या ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’मध्ये तो ‘रेन’ याच नावाने होता, चालू किंवा बंद. आदल्या वर्षीच्या ‘अंडरग्राउंड 2’मध्ये पावसाच्या शिंतोड्यांसाठी वेगळी ओळ होती. महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या भाड्यावर हे गेम खेळत एक पिढी वाढली. तिथल्या मशीनवर पाऊस बहुधा बंदच असायचा, कारण तो चालू केला की चित्र अडखळायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे आणि वाटण्याचं कारणही नव्हतं. समोरच्या गाड्या कॉम्प्युटरच चालवत होता. त्याला पाऊस दिसतही नव्हता आणि हरल्याचं दुःखही नव्हतं.

आता त्या गाड्यांच्या जागी माणसं आहेत. नाशिकचा एखादा विद्यार्थी आणि पोलंडमधला एखादा बसचालक एकाच सर्व्हरवर, एकाच ट्रॅकवर, एकाच पावसात उतरतात. रस्ता दोघांनाही सारखाच निसरडा. पण पुढच्या गाडीच्या चाकांमागून उठणारा पाण्याचा पडदा एकाला दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही, कारण दुसऱ्याने तो मेन्यूत जाऊन काढून टाकलेला असतो. पहिल्याला वळणाआधीचा शंभर मीटरचा फलक दिसत नाही, म्हणून तो अंदाजाने ब्रेक मारतो. दुसऱ्याला फलक, वळणाची कड, पुढच्या गाडीचं मागचं चाक, सगळं कोरड्या दिवसासारखं स्वच्छ दिसतं. निकालाच्या तक्त्यात दोघांची नावं एकाखाली एक लागतात. त्यांनी दोन वेगळ्या शर्यती चालवल्या, याची नोंद कुठेच होत नाही.

हे पुस्तक त्या पडद्याबद्दल आहे. माझी बाजू सुरुवातीलाच स्पष्ट करतो. चालकाला काय दिसत नाही, हासुद्धा ट्रॅकचाच भाग आहे. वळण किती तीव्र असावं हे शर्यतीत उतरलेला खेळाडू ठरवत नाही. समोरचं किती दिसावं, हेही त्याने एकट्याने ठरवू नये. ते शर्यत भरवणाऱ्याने ठरवावं आणि सगळ्यांसाठी एकच ठरवावं. हे वाटतं तितकं सरळ नाही. त्यात यंत्राच्या मर्यादा आहेत, डोळ्यांच्या मर्यादा आहेत, आणि खेळाडूच्या घरातल्या मशीनवर आपली सत्ता कुठवर चालते हाही प्रश्न आहे. पुढची प्रकरणं त्यासाठीच लिहिली आहेत.

गेममधला पाऊस मुळात तीन कामं करतो. तो टायरची पकड कमी करतो, तो समोरचं झाकतो, आणि तो सुंदर दिसतो. पकडीचं गणित चित्रापासून वेगळं, आतल्या आत चालतं आणि त्याला कुणी हात लावू शकत नाही; तिथे तक्रारीला जागा नाही. सौंदर्याचंही तसंच. डबक्यात पडलेलं दिव्यांचं प्रतिबिंब, दूरच्या झाडांवरचं धुकं, बॉनेटवर उडणारे थेंब ज्याला हवेत त्याने ठेवावेत, नको त्याने काढावेत. सगळं भांडण मधल्या कामाचं आहे. झाकणारा पाऊस हा नियमाचा भाग असायला हवा होता, पण गेम बनवणाऱ्यांनी तो सजावटीच्या यादीत टाकला. मला हे निष्काळजीपणाचं वाटतं, आणि गेली वीस वर्षं तो निष्काळजीपणा एका गेममधून दुसऱ्या गेममध्ये जसाच्या तसा उतरत आला आहे.

झाकणं म्हणजे काय, हे खऱ्या ट्रॅकवर पाहायला हवं. 29 ऑगस्ट 2021 रोजी बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोर्शांला फॉर्म्युला वनची शर्यत होती. आर्डेनच्या जंगलातून जाणारा सात किलोमीटरचा हा ट्रॅक, आणि दिवसभर पाऊस. दुपारी तीनला सुटायच्या गाड्या संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर सेफ्टी कारच्या मागे निघाल्या, जेमतेम काही फेऱ्या झाल्या आणि शर्यत संपली. कुणी कुणाला ओव्हरटेक केलं नाही. अर्धे गुण वाटले गेले. मॅक्स व्हर्स्टापन पहिला, विल्यम्सच्या गाडीतला जॉर्ज रसेल दुसरा, लुईस हॅमिल्टन तिसरा. त्या दिवशी पकड होतीच कमी, पण शर्यत खरी अडली ती दिसत नव्हतं म्हणून. पुढच्या हंगामासाठी गुणांचे नियमच बदलले: सेफ्टी कारविना निदान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण नाहीत.

पाणी उडतं किती? पिरेली कंपनी सांगते की तिचा पूर्ण पावसाळी टायर ताशी 300 किलोमीटर वेगाने धावताना सेकंदाला 85 लिटरपर्यंत पाणी बाजूला सारतो. हे पाणी रस्त्यावरून हटतं म्हणून टायरला जमीन सापडते. पण हटलेलं पाणी हवेत जातं. त्यातच गाडीच्या पोटाखालून सुसाट निघणारी हवा रस्त्यावरचं पाणी शोषून वर उधळते आणि त्याचे इतके बारीक कण करते की ते लगेच खाली बसत नाहीत. पावसाळ्यात बोरघाटात ट्रकच्या मागे गाडी चालवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको: वायपर कितीही जोरात फिरवला तरी काच नुसती पांढरी. फरक इतकाच की घाटात आपण मागे राहतो, शर्यतीत मागे राहणं म्हणजे हरणं. जुलै 2023 मध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनच्या गाडीच्या चाकांवर मडगार्डसारखी आवरणं बसवून चाचणी झाली. प्रश्न सुटला नाही, कारण चाकं झाकली तरी पोटाखालून उडणारं पाणी राहतंच.

हा पडदा किती जीवघेणा असतो याला 1982 सालचा हॉकेनहाइमचा शनिवार साक्षी आहे. फेरारीचा दिदिए पिरोनी तेव्हा गुणतक्त्यात सगळ्यांच्या पुढे होता. सरावात, ओल्या ट्रॅकवर, तुषारात दडलेल्या अलँ प्रॉस्टच्या रेनोवर तो मागून आदळला. त्याच्या पायांच्या इतक्या चिंधड्या झाल्या की तो पुन्हा कधीही फॉर्म्युला वनमध्ये उतरला नाही. समोर गाडी होती, रस्ता सरळ होता, फक्त दिसलं नाही. म्हणूनच ओल्या ट्रॅकसाठीचे टायर लावले की गाडीच्या मागचा लाल दिवा चालू ठेवणं बंधनकारक असतं. गेममधल्या गाड्यांनाही तो दिवा असतो. ज्याच्या पडद्यावर तुषार आहे त्याला तो दिवा जीव वाचवणारी खूण वाटतो, आणि ज्याने तुषार काढला त्याला शोभेचा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. खऱ्या शर्यतीत तरी सगळ्यांना सारखं कुठे दिसतं? पुढच्याला स्वच्छ दिसतं, विसाव्याला काहीच नाही. मग गेमकडून समानता का मागायची? आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर स्पाच्या त्याच शर्यतीत आहे. रसेल दुसरा सुटला, कारण आदल्या दिवशी भर पावसात, सगळ्यांच्या बरोबरीने, त्याने विल्यम्ससारख्या मागे पडणाऱ्या गाडीतून दुसरी वेळ काढली होती. पुढे असल्यामुळे स्वच्छ दिसणं हे बक्षीस आहे. ते गाडी चालवून मिळवावं लागतं, आणि पुढची गाडी मागे पडली की तेही जातं. मेन्यूतून मिळालेलं स्वच्छ दिसणं कुणी कमावत नाही आणि ते कुणाकडून हिरावताही येत नाही. विसाव्या जागेवरून सुटणाऱ्यालाही ते पहिल्यासारखंच मिळतं. पावसाळी शर्यतीचा सगळा तोल त्यामुळे बिघडतो. आदल्या दिवशीची पात्रता फेरी, सुटताना घेतलेला धोका, तुषारातून बाहेर पडण्यासाठी सरळ रस्त्यावर अर्धी गाडी बाजूला काढून चालवणं, या सगळ्याला काही अर्थच उरत नाही.

गेममध्ये पाऊस आला कसा, याचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे दोन-तीन गोष्टीच सांगतो. सेगाच्या 1991 सालच्या ‘रॅड मोबाइल’ या आर्केड गेममध्ये पाऊस आला की खेळाडूला स्वतः बटण दाबून वायपर चालू करावा लागे, अंधार झाला की दिवे लावावे लागत. तिथे पाऊस नुसता दिसण्यापुरता होता, पण तो सगळ्यांना सारखाच त्रास देत होता, कारण मशीन एकच होतं. पुढे जेफ क्रॅमंडने 2000 साली ‘ग्रँड प्रिक्स 3’मध्ये पाऊस आणला, त्याच्या आधीच्या ‘ग्रँड प्रिक्स 2’मध्ये तो नव्हता. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट 6’ने 2015 मध्ये डबकी आणली, ज्यात चाक गेलं की गाडी पाण्यावर तरंगते. आयरेसिंगने तर 2008 पासून पावसाविना शर्यती भरवल्या आणि 2024 मध्ये पाऊस आणला तो असा, की पाणी ट्रॅकच्या उतारावरून वाहतं, सखल भागात साचतं आणि गाड्यांच्या टायरने बाजूला सारलं जातं.

या सगळ्यांत माझा जीव ‘ड्राइव्हक्लब’वर आहे. इंग्लंडमधल्या रनकॉर्नच्या इव्होल्यूशन स्टुडिओचा हा प्लेस्टेशन 4 वरचा गेम. डिसेंबर 2014 मध्ये त्यात पाऊस आला, तो आजही पाहण्यासारखा आहे. गाडी वेगात असेल तर काचेवरचे थेंब वर सरकतात, ब्रेक मारला की पुढे येतात, वळणात बाजूला ओघळतात, आणि वायपरने पुसलेल्या पट्ट्यावर पुन्हा एक-एक थेंब बसायला लागतो. पाऊस बंद करायची सोय नाही, सगळ्यांचं यंत्र एकच. कागदावर पूर्ण न्याय्य. तरीही एक फट राहिलीच: कॅमेरा. आतून, चालकाच्या जागेवरून पाहणाऱ्याला ती देखणी, थेंबांनी भरलेली काच मिळे. बाहेरचा कॅमेरा घेतला की मध्ये काचच नाही. ज्याला पाऊस अनुभवायचा होता तो मागे पडे, आणि ज्याला जिंकायचं होतं त्याने पावसाकडे पाठ फिरवलेली असे. 2016 मध्ये स्टुडिओ बंद झाला, 31 मार्च 2020 रोजी सर्व्हरही. त्या काचेवर महिनोन् महिने मेहनत घेतलेल्या माणसांच्या कामाला शर्यतीनेच बाजूला सारावं, हे मला आजही सलतं.

कॅमेऱ्याचा हा प्रश्न मात्र इतर गेममध्ये सुटला, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. आयरेसिंगमध्ये शर्यत गाडीच्या आतूनच चालवावी लागते. ‘प्रोजेक्ट कार्स’मध्ये शर्यत भरवणारा सगळ्यांना आतल्याच कॅमेऱ्याची सक्ती करू शकत असे. कुठून पाहायचं हे आयोजकाने ठरवायला कुणाची हरकत नसेल, तर काय पाहायचं हे ठरवण्याला हरकत का असावी?

हरकत असते ती यंत्रामुळे, आणि ती खोटी नाही. तुषाराचं चित्र काढणं कॉम्प्युटरला फार महाग पडतं. भिंत किंवा गाडी रंगवायची तर पडद्यावरचा प्रत्येक बिंदू साधारण एकदा रंगवला की झालं. तुषाराचे कण अर्धपारदर्शक असतात. त्यांच्यामागचं आधी रंगवायचं, मग त्यावर एक पातळ थर, त्यावर आणखी एक, असे एकेका बिंदूवर कित्येक थर चढवावे लागतात. एकटी गाडी पुढे असेल तर ठीक. शर्यत सुटताना वीस गाड्या समोर दाटीने उभ्या असतात आणि प्रत्येकीची चारही चाकं एकाच वेळी पाणी उडवतात. ज्या क्षणी सगळ्यात नीट दिसायला हवं, नेमका त्याच क्षणी यंत्राचा दम उखडतो. सेकंदाला 60 चित्रं दाखवणारं मशीन 20 वर येतं. ताशी 250 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 70 मीटर जाते, म्हणजे 60 चित्रं असताना दोन चित्रांमध्ये सव्वा मीटरही नाही आणि 20 झाली की साडेतीन मीटर. साडेतीन मीटर म्हणजे जवळपास एक छोटी गाडी. इतक्या अंतराने चित्र हलत असेल तर पहिल्या वळणात कुणाच्या तरी मागे घुसणं जवळजवळ ठरलेलं. साध्या लॅपटॉपवर खेळणाऱ्याने तुषार बंद केला, तर त्याला फसवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो इतरांचीही शर्यत वाचवत असतो.

पण परिणाम उलटा होतो. महाग स्टीअरिंग, तीन पडदे, व्हीआरचा चष्मा यांनी पैसेवाल्याला फायदा होतो हे सगळे जाणतात आणि त्याबद्दल बोलतातही. इथे फायदा कमी सेटिंगला मिळतो. ते एकदा कळलं की मग लॅपटॉपवालाच नव्हे, सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड घेतलेलाही शर्यतीआधी मेन्यूत जाऊन पाऊस काढतो. ‘काउंटर-स्ट्राइक 1.6’ हा नेमबाजीचा गेम खेळलेल्यांना हे ठाऊक आहे. अॅझ्टेकच्या मॅपवर पाऊस पडायचा आणि एका छोट्या कमांडने तो बंद व्हायचा. ‘क्वेक 3’चे खेळाडू भिंतींचं सगळं नक्षीकाम पुसून त्या गुळगुळीत करत, म्हणजे समोरचा माणूस उठून दिसावा. चांगलं चित्र काढणाऱ्याला बाजारात गिऱ्हाईक असतं, पण स्पर्धेत ते चित्र पहिलं पुसलं जातं.

आता याची दुसरी बाजू. पाऊस काढणारा नेहमी फायद्यातच राहतो असं नाही, आणि हे लक्षात न घेता केलेली चर्चा एकांगी होते. पावसाचं चित्र झाकतं तसंच सांगतंही. ट्रॅक कुठे जास्त चकाकतो, कुठे मंद दिसतो, यावरून पाणी कुठे साचलंय आणि गाड्यांनी कुठली वाट कोरडी केलीय हे कळतं. खरे चालकही हेच वाचतात, आणि पावसाळी टायर काढून कोरडे लावायची वेळ त्यावरूनच ठरवतात. पाण्याची खोली आतल्या गणितात आहे, पण ती डोळ्यांपर्यंत पोहोचते ती चकाकीतून. प्रतिबिंबांची सेटिंग सगळ्यात खाली नेलेल्या माणसाला सगळा ट्रॅक एकाच करड्या रंगाचा दिसतो. त्याला तुषारातून सुटका मिळते आणि डबकं मात्र चाकाखाली आल्यावरच कळतं. म्हणजे एकाच पानावरच्या दोन ओळी, एक फुकटचा फायदा देणारी, दुसरी नकळत तोटा करणारी. खेळाडूला यातली कुठली काय करते हे सांगणारं एक वाक्यही त्या पानावर नसतं.

मग सरळ सक्तीच का करू नये? इथे पुस्तकातला सगळ्यात अवघड भाग येतो. चित्र सर्व्हर काढत नाही, ते खेळाडूच्या घरातलं मशीन काढतं. नेमबाजीच्या गेममध्ये एक पळवाट आहे. 2020 मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’मध्ये भिंतीमागचा शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याचा ठावठिकाणा तुमच्या मशीनला कळवतच नाही. जे पाठवलंच नाही ते चोरून पाहता येत नाही. शर्यतीत हा उपाय चालत नाही. तुषारात दडलेली गाडी तुमच्यापुढे पाच मीटरवर आहे. ती कुठे आहे हे तुमच्या मशीनला सतत माहीत असावंच लागतं, नाहीतर धडक कशी मोजणार? माहिती तुमच्या घरात आलेली आहे, तिच्यावर फक्त पातळ पडदा ओढलाय. तो पडदा मेन्यूतून नाही निघाला तर फाइल बदलून निघेल, फाइल नाही तर मॉडने, म्हणजे बाहेरून जोडलेल्या फेरफाराने.

‘सुपरटक्सकार्ट’ हा मुक्त स्रोत गेम घ्या. 2019 पासून तो ऑनलाइनही खेळता येतो. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. त्याच्या सेटिंगमध्ये कणांच्या दृश्यांसाठी तीन पायऱ्या आहेत: बंद, फक्त महत्त्वाचे, आणि सगळे. मधली पायरी मला फार प्रामाणिक वाटते, कारण कुणीतरी बसून ठरवलंय की काही दृश्यं खेळायला लागतात आणि काही नाहीत. ही निवड प्रत्येक गेममध्ये झालेलीच असते, फक्त इतर ठिकाणी ती बोलून दाखवली जात नाही. ‘असेटो कोर्सा’चं उदाहरण याहून बोलकं आहे. मूळ गेममध्ये, 2014 साली, पाऊस नव्हताच. तो नंतर चाहत्यांनी बनवलेल्या मॉडने आणला. त्यामुळे एकाच शर्यतीत पाऊस असलेले आणि नसलेले असे दोन्ही खेळाडू येऊ शकले. यावर सर्व्हर चालवणाऱ्यांनीच मार्ग काढला: त्या मॉडची अमुक आवृत्ती असेल तरच आत या. ही अट कुणी कंपनीने घातली नाही. शर्यत भरवणाऱ्या लोकांना न्यायाची चाड होती म्हणून ती आली.

निर्णय कुणाचा, या प्रश्नावर क्रिकेटने बरीच वर्षं डोकं खाजवलेलं आहे. कसोटीत उजेड कमी झाला की पंच फलंदाजांना विचारायचे, थांबायचं का? फलंदाज उजेडाकडे कमी आणि धावफलकाकडे जास्त पाहून उत्तर द्यायचे. सामना वाचवायचा असेल तर मावळतीच्या आधीच अंधार होई आणि जिंकायचा असेल तर संध्याकाळ लांबे. 2010 मध्ये ही विचारणा बंद झाली आणि निर्णय सर्वस्वी पंचांकडे गेला. दिसतं की नाही हा प्रश्न ज्याला त्याचा फायदा होणार त्यालाच विचारणं चुकीचं, हे क्रिकेटला पटलं. शर्यतीच्या गेममध्ये आजही आपण फलंदाजालाच विचारतो आहोत, तेही प्रत्येकाला वेगवेगळं.

इथे मला डोळ्यांबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण सक्तीची भाषा करणारे नेमकं हे विसरतात. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग दाखवला गेला. त्यातल्या लाल-निळ्या लखलखाटाने सुमारे 685 जणांना, त्यातली बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. गेममधली वीज, काचेवर भराभर आदळणारे थेंब, वाऱ्याने हलणारा कॅमेरा यांनी कुणाला आकडी येऊ शकते, कुणाला गरगरू शकतं. अशा माणसाला ‘नियम म्हणजे नियम’ असं सांगणारी, शर्यती भरवणारी लीग मला नको. फॉर्म्युला वनचा चालक निकी लाउडा 1976 च्या ऑक्टोबरमध्ये फुजीच्या ट्रॅकवर धो धो पावसात दोन फेऱ्यांनंतर गाडीतून उतरला. ऑगस्टमध्ये नुर्बुर्गरिंगला आगीत सापडून त्याच्या पापण्या भाजल्या होत्या. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला, 69 विरुद्ध 68. लाउडाकडे बंद करायला कुठलंही बटण नव्हतं. आपल्याकडे आहे, आणि ज्याच्या शरीराला त्याची गरज आहे त्याच्यापासून ते काढून घेणं क्रूरपणाचं होईल. उलट 2023 च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ने दृष्टिहीनांसाठी आवाजाच्या खुणा दिल्या: ट्रॅकची कड किती जवळ आली, वळण कुठे सुरू झालं, गिअर कधी बदलायचा. सगळ्यांना एकच चित्र दाखवणं म्हणजे न्याय, ही समजूत त्या एका गेमनेच खोटी ठरवली आहे.

म्हणून माझी मागणी चित्र एक असण्याची नाही. झाकणं एक असावं. दाट धुक्याचं चित्र काढणं कॉम्प्युटरला स्वस्त पडतं. नव्वदच्या दशकातल्या कन्सोलवर तर दूरचं चित्र काढायचे कष्ट वाचावेत म्हणूनच धुकं भरत असत. तेव्हा ज्याच्या मशीनला हजारो कण झेपत नाहीत, किंवा ज्याच्या डोळ्यांना लकाकी सोसत नाही, त्याला पुढच्या गाडीमागे एक साधा, स्थिर, करडा पडदा मिळावा, इतरांच्या तुषाराइतकाच दाट. दिसायला ओबडधोबड असेल, पण शंभर मीटरचा फलक त्यालाही उशिराच दिसेल. वीज, थेंब, थरथर यांची बटणं मोकळी राहू द्यावीत. पाण्याची चकाकी, जिच्यावरून ट्रॅक वाचता येतो, ती सगळ्यात खालच्या सेटिंगलाही शिल्लक असावी. हे तंत्राने अशक्य नाही. त्यासाठी गेम बनवणाऱ्याने पाऊस रंगवायच्या आधी त्या पावसाचं काम काय, हे ठरवायला हवं.

तोवर काम लीग चालवणाऱ्यांनाच करावं लागणार. शर्यतीच्या नियमपत्रकात टायर, इंधन, पिट स्टॉप यांच्याबरोबर एक परिच्छेद दृश्यतेचा असावा: तुषार किमान किती, कॅमेरा कुठला, कुणाला कुठल्या कारणाने सवलत आणि ती आधी जाहीर केलेली. ते जमत नसेल तर शर्यत सरळ कोरडी भरवावी. मला पावसाळी शर्यती फार आवडतात, तरी हे लिहितो. अर्ध्यांनी पावसात आणि अर्ध्यांनी उन्हात चालवलेल्या शर्यतीपेक्षा कोरडी शर्यत बरी. शर्यतीनंतरच्या तक्रारी ऐकणाऱ्या पंचांनी रिप्ले पाहताना स्वतःचा तुषार चालू ठेवावा, एवढी तरी अपेक्षा करायला हरकत नाही. स्वच्छ पडद्यावर पाहिलेली धडक नेहमी मागच्याचीच चूक दिसते, आणि मागच्याला तिथे काय दिसत होतं हे त्या पंचाला कधीच कळत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिलं प्रकरण टायर आणि पाण्याचं, कारण तुषार कुठून आणि किती उडतो हे कळल्याशिवाय त्याचं चित्र बरोबर आहे का चूक हे सांगता येत नाही. दुसरं इतिहासाचं. तिसऱ्यात कणांचं आणि थरांचं तंत्र आहे. गणिताचा धसका असणाऱ्यांनी त्यातल्या आकृत्या पाहिल्या तरी पुरे. चौथ्यात नियमपत्रकांचे मसुदे आहेत, ते उचलून आपापल्या लीगमध्ये वापरायला माझी काहीच आडकाठी नाही. वापरून पाहिल्यावर त्यातलं काय तुटलं ते मला जरूर कळवा.